पेठेतला वाडा विकून देणारे मामा : तेरा महिन्यांचा अनुभव

आमचा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला वाडा डिसेंबर २०२५ मध्ये विकला. तेव्हापासून ओळखीपाळखीचे दोनच प्रश्न विचारतात. एजंट कोण होता, आणि एवढ्या किमतीला जुना वाडा घेतं तरी कोण? दोन्हीची उत्तरं एकदाच लिहून ठेवते. एजंटांनी स्वतःचं नाव जाहीर लिहू नका म्हणून सांगितलंय. पेठेत त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांचं ऑफिस नाही, बोर्ड नाही. सकाळी नऊ ते अकरा चहाच्या टपरीवरचा एक बाक आणि लाल कापडी बांधणीची एक वही, एवढाच त्यांचा पसारा.

आधी वाडा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मिरजकर तिकटीपासून चालत चार मिनिटं, अंबाबाईच्या देवळापर्यंत दहा. जागा तीन हजार शंभर चौरस फूट. पुढं सोपा म्हणजे ओसरी, मधे चौक, वर माडी, मागं परडं आणि आड. काळ्या दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीच्या हातभर जाडीच्या भिंती, सागाचे बावीस खांब, माडीला कडीपाट, वर मंगलोरी कौलं. पणजोबांनी बांधलेला. मी शाळेत सत्तावीस वर्षं गणित शिकवलं आणि २०११ ला वडील गेल्यापासून वाडा एकटीनं सांभाळला. एक भाऊ पुण्यात, एक बंगळूरला. दर मे महिन्यात शाकारणी करायची, तर हल्ली कौलावर चढणारा माणूस मिळत नाही. मिळाला तर फुटलेल्या कौलाच्या मापाचं कौल मिळत नाही.

विकायचं मनात बरेच दिवस होतं, पण तोंडातून निघत नव्हतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. ते खासबागेत, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. माडीच्या खिडकीतून आभाळ लाल दिसत होतं. शाहू महाराजांच्या काळातली वास्तू, त्यातलं जुनं लाकूड. सकाळी आमच्या चौकात तुळशीभोवती राख पडली होती, ती मी हातानं गोळा केली. आमच्याही वाड्यात सगळं सागच, आणि वायरिंग वडिलांच्या लग्नाच्या वेळचं. दुसऱ्या दिवशी भावांना मीच फोन केला.

पहिले तीन महिने मी एका मोठ्या ऑफिसवाल्या कंपनीकडं गेले होते, त्याबद्दल दोन वाक्यं पुरेत. त्यांनी फोटो झकास काढले, चौक मैदानाएवढा दाखवला, चाळीसभर फोन आले. पण त्या तीन महिन्यांत एकदाही त्यांनी मला प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जागा कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारा सरकारी कागद, मागितलं नाही.

मामा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी खांबांकडं बघितलंसुद्धा नाही. सोप्यात बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई, कार्ड दाखवा." मला गल्लीत सगळे बाईच म्हणतात. कार्ड बघून म्हणाले, "ह्यावर अजून आजोबाच हाईत की. आजोबांनी सही केली तर उद्या विकतो." मग बाहेर जाऊन टेपनं गल्ली मोजली, साडेचार मीटर भरली. पुढच्या खोलीतल्या शिंप्याला विचारलं, कधीपासून आहात. शेवटी विचारलं, "२०१९ ला पाणी कुठवर आलतं?" त्या वर्षी राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा पंचावन्न फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी त्रेचाळीस. शुक्रवार पेठ, शाहूपुरी, नागाळा पार्क इथं घराघरात पाणी होतं. आमच्या गल्लीत थेंब नाही. मामांनी वहीत लिहिलं, 'पाणी नाही', आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. अख्ख्या पानावर रेघा तेवढ्या दोनच.

मग चार महिने मामांनी एकही गिऱ्हाईक आणलं नाही. भाऊ वैतागले, मीही वैतागले. पण आता सांगते, मामांची खरी किंमत त्या चार महिन्यांत आहे. आजोबांना चार मुलं. त्यांतले दोघे गेलेले, त्यांची मुलं, एका आत्याच्या दोन मुली बेळगावला, असे मोजता मोजता अकरा वारस निघाले. नगर भूमापन कार्यालयात वारसनोंद, मग ज्यांना हिस्सा नको त्यांची हक्कसोडपत्रं, ज्यांना हवा त्यांचा हिस्सा कागदावर. बेळगावच्या आत्तेबहिणीला वाटत होतं, आम्ही तिला फसवतोय. मामा स्वतःच्या पैशानं एसटीनं बेळगावला गेले, तिच्या स्वयंपाकघरात बसले आणि तिला सांगितलं, "ताई, सोडू नका हिस्सा. घ्या." ती त्याच आठवड्यात सहीला तयार झाली. मी हे तिच्याकडून ऐकलं, मामांनी कधी सांगितलं नाही.

शिंप्याचा प्रश्न त्याहून नाजूक. १९७४ पासूनचा भाडेकरू, भाडं महिना पस्तीस रुपये, भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण. पहिल्या कंपनीचा मुलगा म्हणाला होता, "त्यांचं नंतर बघू." मामा म्हणाले, नंतर काही नसतं. शिंपीकाका उठल्याशिवाय वाडा नाही, आणि शिंपीकाका रस्त्यावर येणार असतील तर मी नाही. शेवटी विक्रीच्या रकमेतून त्यांना मोबदला ठरला, रीतसर लेखी, आणि मामांनीच मागच्या गल्लीत त्यांना गाळा बघून दिला. काकांचं शिलाई मशीन हातगाडीवर चढवताना मामांनी एक बाजू धरली होती.

आता येणाऱ्यांबद्दल. वाडे कोण घेतं, हे मला वाटत होतं तसं अजिबात नाही.

मला वाटायचं, बिल्डर घेतात. बिल्डर आले, तिघे. तिघांनीही टेप काढली. एफएसआय म्हणजे जागेवर किती बांधकाम करता येतं ते, आणि टीडीआर म्हणजे दुसरीकडून विकत आणलेला जादा बांधकामाचा हक्क. दोन्ही रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, नऊ मीटरच्या आतल्या गल्लीत फारसं काही हाती लागत नाही. त्यात पार्किंगला जागा सोडायची. तिघांचाही हिशेब एकाच ठिकाणी अडकला. पेठेतला वाडा बिल्डरपासून वाचला असेल तर तो अरुंद गल्लीमुळे, हे मला साठाव्या वर्षी कळलं.

मग लाकडाचा व्यापारी आला. तो माणूस मला विसरता येत नाही. वाईट नव्हता, अगदी अदबीनं बोलणारा. पण त्यानं फक्त वर बघितलं, खाली बघितलंच नाही. खिशातून छोटं गिरमिट काढलं, तुळईला माडीच्या जिन्यावरून एका कोपऱ्यात टोचलं, तीन वेढे दिले आणि बाहेर आलेला भुसा तळहातावर घेऊन हुंगला. मलाही हुंगायला दिला. शंभर वर्षांपूर्वीचं लाकूड आणि वास काल कापल्यासारखा, थोडा तेलकट, थोडा चामड्यासारखा. म्हणाला, "असला साग आता दिसत न्हाई, बाई." त्याला वाडा उतरवून न्यायचा होता. खांब, तुळया, कडीपाट, दरवाजे, सगळं घनफुटावर. जागा आम्हालाच परत. कितीतरी वाडे असेच गेलेत, हे तेव्हा कळलं. आधी लाकूड जातं, मग मोकळी जागा विकली जाते. त्या रात्री मी तुळईला पडलेल्या भोकात मेण भरलं.

पुण्याहून एक तरुण जोडपं आलं, दोघंही आयटीत. त्यांना वाडा मनापासून आवडला, त्याबद्दल मला शंका नाही. मुलगी आडाच्या कठड्यावर हात ठेवून बराच वेळ उभी होती. त्यांना खाली कॅफे, वर राहायच्या खोल्या करायच्या होत्या. मामांनी त्यांना एकच विचारलं, "गाडी कुठं लावणार?" हा प्रश्न ते प्रत्येकाला दारातच विचारायचे. त्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मामा त्यांना घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, रविवारी संध्याकाळी सहाला. बिंदू चौकापासून मिरजकर तिकटीपर्यंत त्या वेळी काय असतं ते पेठेतल्या माणसाला सांगायला नको. जोडपं परत आलं नाही. मी मामांवर चिडले, की गिऱ्हाईक घालवलं. ते म्हणाले, "विसार देऊन परत मागितला असता. तवा तुम्ही जास्त चिडला असता."

परदेशातल्या एकांनी व्हिडिओ कॉलवर वाडा बघितला. मामा चाळीस मिनिटं फोन हातात धरून जिना चढत-उतरत होते. इचलकरंजीच्या एका सूत व्यापाऱ्यांना पैसे गुंतवायचे होते, राहायचं नव्हतं, दहा वर्षं कुलूप लावून ठेवणार म्हणाले. मातीच्या भिंतीचं घर दोन पावसाळे बंद राहिलं तर तिसऱ्याला काय उरतं, हे मी त्यांना सांगितलं. मामांनी मला अडवलं नाही.

खरी चढाओढ दोन प्रकारच्या लोकांत झाली. पहिले यात्री निवासवाले. अंबाबाईला नवरात्रात किती गर्दी होते ते सगळ्यांना माहीत आहे, पण आता वर्षभर खोल्या भरलेल्या असतात. तिरुपतीला जाऊन आलेली माणसं अंबाबाईचं दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी मानत नाहीत. हरिप्रिया एक्स्प्रेस तर तिरुपतीहून थेट कोल्हापुरात येते. अशा दोघा लॉजवाल्यांनी येऊन खोल्या मोजल्या, न्हाण्या किती काढता येतील ते मोजलं. त्यांचा एकच धसका होता, मंदिर परिसराच्या विकास आराखड्यात जागा जाईल का. मामा नकाशा घेऊनच आले होते. आमची गल्ली त्यात नाही, हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं.

दुसरे वकील. १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच म्हणजे फिरतं खंडपीठ कोल्हापुरात सुरू झालं, सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. सहा जिल्ह्यांची कामं. ज्या बेंचसाठी वकिलांनी इतकी वर्षं आंदोलनं केली, ते आलं आणि त्याच महिन्यात मामांच्या वहीची पानं बदलली. सोलापूरचे एक, साताऱ्याचे एक, रत्नागिरीचे दोघे मिळून. त्यांना खाली ऑफिस, वर मुक्काम हवा होता आणि चालत कोर्ट. सोलापूरच्या वकीलसाहेबांनी आकडा सगळ्यांत मोठा दिला, पण सोपा पाडून काचेचं ऑफिस करणार होते. इथं मामांचं आणि माझं पहिल्यांदा वाजलं. ते म्हणाले, घ्या. मी म्हणाले, थांबा. ते म्हणाले, "बाई, विकल्यावर वाडा तुमचा नसतो." बरोबरच आहे त्यांचं. तरी मी पंधरा दिवस मागून घेतले.

त्या पंधरा दिवसांत गुजरीतलं एक सराफाचं कुटुंब आलं. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं राहणारं. म्हणजे ज्यांना मी लहानपणापासून रस्त्यात बघत आले, ती माणसं. दुकान छोटं, साज आणि ठुशी घडवणारे, चार भावांचे चार संसार पाच खोल्यांत. पैसे कुठून आणले मी विचारलं नाही. नंतर कळलं, दोन मुलं दुबईत आहेत, शेतीची एक जमीन विकली आणि थोडं कर्ज. मामांनी दारात विचारलं, गाडी कुठं लावणार? मोठा मुलगा म्हणाला, "जिथं आता लावतोय तिथंच की."

बाकीचे सगळे खांब, खोल्या, नाही तर रस्ता बघत होते. त्यांची आजी, ऐंशीच्या पुढची, काठी टेकत थेट माजघरात गेली आणि मला विचारलं, "गौरी कुठं बसत हुत्या तुमच्या?" मी दाखवलं. माजघराच्या पूर्वेच्या भिंतीला दोन कोनाडे आहेत, त्यांच्या मधोमध. दर वर्षी तिथं आई भिंत सारवायची आणि हळदीकुंकवाची बोटं उमटवायची. वरून रंग किती वेळा दिला तरी त्या जागी भिंत थोडी पिवळट दिसते. आजीनं तिथं तळहात ठेवला, मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि सुनांना म्हणाली, "हितंच बसवायच्या."

सौदा त्यांच्याशी झाला. वकीलसाहेबांपेक्षा आकडा थोडा कमी. भावांना समजावायला मला दोन रात्री लागल्या, मामांनी त्यात तोंड घातलं नाही. आकडा इथं लिहीत नाही, घेणाऱ्यांना ते आवडायचं नाही. एवढंच सांगते, तेवढ्या पैशात त्यांना ताराबाई पार्कात लिफ्टचे दोन मोठे फ्लॅट आले असते. मी आजींच्या थोरल्या सुनेला तसं विचारलंही. ती म्हणाली, तिथून काकडआरतीला कोण नेणार सासूबाईंना?

खरेदीखत कुणाच्या नावावर झालं, ते ऐका. मामांनी सुचवलं की निवासी घर फक्त बायकांच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. इतक्या मोठ्या रकमेवर एक टक्का म्हणजे नवीन वायरिंगचा खर्च सुटला. आजी आणि चार सुना, अशा पाच जणींची नावं प्रॉपर्टी कार्डावर चढली. तेव्हा कुणी विचारलं, पेठेतला महागडा वाडा कोण घेतं, तर आमचा पाच बायकांनी घेतला. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आजीच्या अंगठ्याचा ठसा मशीन घेईना, इतका झिजलेला. भाकरी थापून झिजलेला. चौथ्या वेळी घेतला.

आता मामांच्या चुका. आहेत, आणि त्याही सांगायला हव्यात.

पन्नास लाखांच्या वरच्या व्यवहारात घेणाऱ्यानं एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, हे मामांना माहीत होतं. पण घेणारे पाच आणि विकणारे आम्ही सहा, म्हणजे प्रत्येक जोडीचा वेगळा फॉर्म, तीस फॉर्म, आणि प्रत्येकाचा पॅन हवा, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. धाकट्या चुलतभावाचा पॅन आधारशी जोडलेलाच नव्हता. त्यात बारा दिवस गेले, नोंदणीची तारीख पुढं ढकलावी लागली. मोठी रक्कम असेल तर मामांच्या जोडीला सीए पहिल्या दिवसापासून घ्या, शेवटच्या आठवड्यात नको.

दुसरं, दलाली. दोन्हीकडून एक-एक टक्का, यात तक्रार नाही. पण सुरुवातीला हे सगळं तोंडीच होतं. मी लेखी मागितल्यावर त्यांना वाईट वाटलं, दोन दिवस फोन उचलला नाही. मग स्वतःच वहीचं पान फाडून, त्यावर सही करून आणून दिलं. मागायला संकोच करू नका.

आणि न सांगता माणसं आणायची सवय. एकदा मी जेवायला बसले होते, ताटात पांढरा रस्सा, आणि दारात सात माणसं. नंतर मी दारावर वेळ लिहून लावली, सकाळी दहा ते बारा. ती मात्र त्यांनी शेवटपर्यंत पाळली.

कुणी जायचं त्यांच्याकडं? पेठेत वडिलोपार्जित घर आहे, वारस चार ठिकाणी पांगलेत, कागद आजोबांच्या नावावर अडकलेत, अशांनी डोळे मिटून. दोन महिन्यांत पैसे हवे असतील तर जाऊ नका, मामांना घाई जमत नाही. रुईकर कॉलनीतला फ्लॅट विकायला तर ते येणारच नाहीत, स्पष्ट सांगतात. पाचपैकी साडेचार देते. अर्धा त्या बारा दिवसांचा.

चावी द्यायच्या आदल्या रात्री मी घेणाऱ्यांसाठी एक कागद लिहिला. नळाचं पाणी पहाटे साडेपाचला येतं, आडाच्या बाजूची चावी आधी सोडायची. माडीच्या जिन्याची चौथी पायरी उजवीकडून दाबायची नाही. परड्यातली पन्हाळ मृगाच्या आधी साफ केली नाही तर पाणी देवघरात उतरतं. दिंडी दरवाजाचा अडसर आधी वर उचलायचा, मग ओढायचा. तुळईतल्या त्या भोकात मेण आहे, वाळवी नव्हे, घाबरू नका. मामा सकाळी आले, उभ्यानं कागद वाचला, आणि कोपऱ्यावर जाऊन त्याच्या दोन झेरॉक्स काढून आणल्या. एक सराफांना दिली. एक घडी करून लाल वहीत ठेवली, आमच्या वाड्याच्या पानात, 'पाणी नाही'च्या शेजारी.